पायाला मलम

पुणे, ३ एप्रिल २०२५

ती. स्व. सुंदरेशकाका यांस,
हरिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन वाक्यांत तमिळवर घसरता आणि माझा सगळा जन्म पुण्यात गेला, म्हणून तुमच्याच हुकमाप्रमाणे हे मराठी पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत मधुमेहींच्या आतड्यांतले जंतू तपासतो. कोणते चांगले, कोणते खोडकर, आणि डोळे, मूत्रपिंडे, पाय यांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडण्याशी त्यांचा काही संबंध आहे का, हे पाहायचे आहे. तुमची साखर वीस वर्षांची, म्हणून तुमचाही नमुना हवा. सोबत दोन डब्या आहेत. रिकामी तुमच्या शौचाच्या नमुन्यासाठी. भरलेलीत मलम आहे, ते रोज टाचांच्या भेगांना लावा. संकोच करू नका.

तुमची लाडकी,
हरिणी

कुंभकोणम, ११ एप्रिल

चि. हरिणीस,
काकाचे अ. उ. आ.

तुझे पत्र तुझ्या काकूला वाचून दाखवले आणि पस्तावलो. तिने भरलेली डबी चिमट्याने उचलून परसात नेली आणि वर बादली उपडी घातली. रिकामीचे एक वेळ समजले. शास्त्राला हातभार लावावा माणसाने. पण जंतू चांगले म्हणून कोणा परक्याच्या पोटातले मलम मी पायाला फासायचे? याचसाठी शिकलीस एवढी?

आणि माझ्या पायांना झाले आहे काय? साक्कोट्टैच्या देवळात अकरा वाजता फरशी तापते. शेजारचा हेमंत वयाने माझ्या निम्मा, पण नुसता उड्या मारतो. मी सावकाश प्रदक्षिणा पुरी करतो, चटका म्हणून लागत नाही. देवाची कृपा.

रागावलो आहे, पण लोभ कमी केलेला नाही.
सुंदरेशकाका

पुणे, १७ एप्रिल

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न.

पत्र वाचून मी चक्रावलेच. मग माझ्यासोबत काम करणाऱ्या पापनाशमच्या विष्णुवर्धनने सांगितले की तमिळमध्ये मलम म्हणजे शौच. आम्ही पोट धरधरून हसलो. काका, डबीत भेगांना लावायचे औषध आहे हो, तुमच्याकडचा कळिंबू, कडुनिंबाचा!

पण देवळाचे वाचले आणि हसू पळाले. चटका न लागणे ही कृपा नव्हे. साखरेने बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की नसांना रक्त पुरत नाही आणि पाय बधिर होतात. आमच्या जंतूंचे उत्तर यायला वर्षे लागतील, तोवर थांबू नका. डॉक्टर शिवकामींना आजच तळवे दाखवा, डोळेही दाखवा. काकूला फोनवर सांगितलेच आहे, पण तुम्ही कागदावरचेच मानता. मला फार भीती वाटते आहे.

हरिणी

कुंभकोणम, ९ जून

चि. हरिणीस,
काका-काकूंचे अ. उ. आ.

डाव्या टाचेखाली भाजल्याचा फोड फुटून आत चिघळला होता. मी त्यावरून किती दिवस चाललो, देव जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन आठवडे गेले असते तर पाऊल वाचवणे कठीण होते. आता जखम भरली आहे. उजव्या डोळ्यात आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले, त्यावर वेळेत लेसर झाले. मूत्रपिंडे शाबूत आहेत. पोरी, मी तुला वेडेवाकडे लिहिले आणि तू मला माझा पाय परत दिलास. तुझे उपकार मानायला मला मुळीच लाज वाटत नाही. नमुना रवाना केला आहे. इन्नंबूरच्या तांदळावर पोसलेले जंतू आहेत, त्यांचा मान राख.

गेलेली जाणीव परत येणे अवघड, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून रोज संध्याकाळी तुझी काकू चष्मा लावून माझा पाय मांडीवर घेते आणि बोटांनी चाचपत कुठे खरचटले आहे का ते बघते. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी पाय चेपू दिले नाहीत. आता तिचा हात मला कळत नाही. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती सांगत जाते, की आता टाचेला हात लावला आहे, आता अंगठ्याला, आता करंगळीला.

आम्हां दोघांवर माया असू दे.
सुंदरेशकाका