अकरा वेळा बंद पडलेला पंप

प्रिय वटवटे,

परवा माझा प्रस्ताव मंजूर झाला म्हणून तू मला मिठी मारलीस, आणि मी खांबासारखी उभी राहिले. तुला वाटलं, घुमी ती घुमीच. तसं नव्हतं गं. तुझ्याकडे बघवत नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. पंपाचा कंप रोज मोजायचा आणि तो बंद पडायच्या आधीच बेअरिंग बदलायचं, एवढीच माझी कल्पना. तीन वर्षं मी साहेबांपुढे आलेख मांडत होते आणि साहेब घड्याळ बघत होते. मग तू मला तुझ्या भांडारात, सुट्या भागांच्या खोक्यांमध्ये उभं केलंस, स्वतः साहेब होऊन बसलीस आणि माझ्या दर वाक्याला "बरं, मग?" विचारून जीव खाल्लास. आधी कारखान्याचं काय अडतं ते सांग, यंत्राचं पुराण नंतर, असं तूच बजावलंस. माझ्या कच्च्या कागदावर होतं, पंप वर्षात अकरा वेळा बंद पडला. घरी गेल्यावर लक्षात आलं, त्यातल्या चार वेळा आपणच सफाईसाठी बंद केला होता. मी अकराचे सात केले. अकराचा कागद तुझ्याशिवाय कुणीच पाहिला नव्हता.

आणि बैठकीत मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, अकरा वेळा बंद पडतो तो हाच ना पंप?

झालं! मनात पाल चुकचुकली. मग सगळंच आठवायला लागलं. आदल्या दिवशी तू साहेबांच्या खोलीतून बाहेर आलीस आणि मला बघून रजेचा अर्ज द्यायला गेले होते म्हणालीस. रजा तर तू घेतलीच नाहीस! वीस मिनिटांत मंजुरी मिळाली, त्याचाही मला संशय आला. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बाईसाहेबांनी माझी कल्पना आधीच स्वतःच्या नावावर खपवली असणार.

त्याच संध्याकाळी साहेबांनी या कामाच्या गटात कोण कोण हवं, ती नावं माझ्याकडे मागितली. भांडारातून बाहेर पडून यंत्रांवर यायची तुझी किती वर्षांची धडपड, हे मला ठाऊक होतं. तरी तुझं नाव गाळलं. मीच. काल तू साहेबांच्या नावानं बोटं मोडत होतीस, तेव्हा मी मुकाट्यानं चहा पीत होते.

आज साहेबांनीच विचारलं, त्या भांडारवाल्या बाईंना का वगळलंत? त्याच तर सांगून गेल्या होत्या, ती अडखळेल, आलेख काढेल, पण पंप अकरा वेळा बंद पडलाय, तेवढं ऐकून घ्या. माझी चूक तू माझ्यासाठीच पाठ केली होतीस गं! लाज वाटली. नाव परत घालायचं तर आधी का गाळलं ते लेखी द्या, असं साहेब म्हणाले. मी खरं तेच लिहून दिलंय. उद्या तो कागद तुझ्यासमोर येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

तुला अजून चालत असेल तर तुझीच,
घुमी