लाँड्रीच्या ग्रुपवर मी काय लिहून बसलो

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, झोप आणि दुपारच्या गोळ्या सगळं सुरळीत असेल अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. अक्कल मात्र कुठंतरी गहाण पडली आहे आणि तेच सांगायला हा लेखनप्रपंच.

तू दुकानात यायचं बंद केलंस, त्यानंतर आपण कपडे वाळवायचं नवं मशीन घेतलं. ते सुरू झालं की शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. म्हणून मी फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप केला (कल्पना माझीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही). 'चादरी झाल्या का?', 'झाल्या', एवढंच त्यावर चालायचं. मग एक दिवस आपल्या इस्त्रीवाल्यानं, जो तुझ्यासमोर कधी मान वर करून बोलला नाही, डाग काढणाऱ्या बाईंना लिहिलं, 'तुमच्या हातून डाग जातो की कापड?' (बाईंना आम्ही डॉक्टरीण म्हणतो. डागाचा वास घेतल्याशिवाय त्या औषध लावत नाहीत.) डॉक्टरीणबाईंनी लगेच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी वर बघितलं, तर दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना शांतपणे उभे, एका हातानं काम आणि दुसऱ्या हातानं शिव्या.

इतक्यात वीज गेली. मशीन थांबलं. इस्त्रीवाल्यानं फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "ताई, चहा सांगू का?"

"अर्धाच सांगा," बाई म्हणाल्या.

वीज आली आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

आता मला चैन पडेना. तीच माणसं, तेच टेबल, मग हे काय? मी प्रयोग सुरू केले (गिऱ्हाइकं तिष्ठत होती, ते सोड). आवाज रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं, तर सगळे घरची रडगाणी गाऊ लागले. चेहरे दिसतील असा कॉल लावला, तर प्रत्येकानं आधी केस सारखे केले आणि मग दुसऱ्याची स्तुती. लिहायला लावलं की पुन्हा वाघ. समोर चेहरा नसला की भीड चेपते, की बोटांना मुळात लाजच नसते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आणि या शोधात मीच सापडलो. काल इस्त्रीवाला फारच घसरला, तेव्हा मी लिहून बसलो, 'बाईंना यापुढं कुणी काही बोलायचं नाही. त्या हो म्हणाल्या तर मी त्यांच्याशी लग्न करणार आहे.' आत्या, हे मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं, 'बरं.' आज मी उगाच एक शाईचा डाग पडलेला सदरा घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. त्या वर न बघता म्हणाल्या, "ठेवा तिथं." मी ठेवला आणि परत आलो.

तुझा,
भाचा

ता. क. : ते 'बरं' कसलं, हे तू त्यांना बोलावून विचारशील का? लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो आणि माझा जीव त्या सुरात अडकला आहे.

ता. क. २ : हे पत्र तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवतो आहे. (गुडघे बरे आहेत हे सकाळी चहा देतानाच बघितलं होतं.) रात्री जेवताना या विषयावर अवाक्षर काढू नकोस, मला घास गिळवणार नाही.

ता. क. ३ : उत्तर 'हो' असेल तर चिठ्ठी चालेल. 'नाही' असेल तर मात्र समोर बसून सांग. समोर बसलं की माणूस जरा जपून बोलतो.