मनांग, तू गायलीस तेव्हा

इलोइलो

प्रिय मनांग फेलिसिदाद,

त्या एका गाण्यात तुझी बावीस वर्षांची डॉक्टरकी झाकली गेली, आणि तुला गायला मी, तुझ्या धाकट्या भावानं, लावलं. गव्हर्नरपदाला उभ्या राहिलेल्या बाईनं प्रचारसभेत गायलंच पाहिजे, ही इथली रीत. तू म्हणालीस, "रोहेल, मी दवाखान्यांबद्दल बोलायला आलेय."

मी म्हटलं, "आधी गा, मग ऐकतील. आणि तुला नावं ठेवणारा माझ्या सलूनमधून अर्धी दाढी घेऊन उठेल."

तू गायलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दवाखान्यांचा विषय निघताच ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी नांदोय माझ्या खुर्चीत बसून म्हणाला, "गव्हर्नर निवडायचाय बाबा. गाणारी काय, लग्नातही मिळते." शेजारच्या खुर्चीतला म्हणाला, "हिला नवरा टिकवता आला नाही, प्रांत काय टिकवणार?" याच्याच पोरीला तू कॉलऱ्यातून वाचवलंस.

हरल्यावर तू म्हणालीस, "निदान तुझ्या दुकानात तरी माझी बाजू घेणारं कुणी होतं." म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. मनांग, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हसलो, आणि दोघांच्याही दाढ्या पूर्ण केल्या.

तुझा धाकटा भाऊ,
रोहेल