एकेचाळीस नंबरची बाटली

१४ जुलै

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांत मावशीची एक ओळ नाही आणि आज एकदम एवढं जाडजूड पाकीट, म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तोंड ठणठणीत आहे. माझा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, सूक्ष्मदर्शक जरा कमी करा. मी बरं म्हटलं आणि आठवड्याच्या आत पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

प्रयोगशाळा होती तशीच आहे. खिडकीची कडी अजून दोऱ्याने बांधलेली. तुझ्या टेबलावर हल्ली सेंट्रिफ्यूजचं यंत्र ठेवलंय, ते गरगरायला लागलं की भिंतीवरचं घड्याळ थरथरतं.

ताई अजून आपल्या आर्कियांना 'तुमचे ते किडे' म्हणते. मागच्या आठवड्यात फोनवर मी तिला पुन्हा समजावलं, की बाई, किडे नव्हेत ते. दिसायला बॅक्टेरियांसारखे, पण कूळच निराळं. ती म्हणाली, "कूळ एक असो की निराळं, त्यांच्यापायी माझ्या घरातल्या दोघी बोलेनाशा झाल्या ना?" मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तू जाणतेस.

पण या खेपेला तिनेच विषय सोडला नाही. म्हणाली, तू हल्लीच्या त्या रक्ततपासणीच्या लॅबमधून घरी आलीस की हात धूत राहतेस. कोपरापर्यंत. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटलीय. "विचारलं तर म्हणते, कामच तसं आहे. पण सुट्टीच्या दिवशीही धुते गं."

तिला कारण माहीत नाही. मला आहे.

तो दिवस तू विसरली नसशील, तरी लिहिते, कारण मी तो आजवर कोणापाशी धड बोललेले नाही. तळ्याच्या चिखलातले आर्किया आपण एकटे, शुद्ध वाढवून दाखवले, असा माझा शोधनिबंध छापायला निघाला होता. ते वाढून एक बाटली गढूळ व्हायला चार महिने लागतात. त्या गढूळपणासाठी मी सात वर्षं घालवली होती. आणि तू स्वतः भरलेल्या एकेचाळीस नंबरच्या बाटलीतल्या जीवांचा जीनोम वाचून भर बैठकीत उठलीस. एरवी मला मॅडम म्हणायचीस, त्या दिवशी घाईत म्हणालीस, "मावशी, यात एक बॅक्टेरियाही आहे. दरवेळी तोच. मला वाटतं, हे दोघं एकमेकांवाचून जगत नाहीत."

मी काय म्हटलं? "बाईसाहेब, शोध नंतर लावा, आधी हात धुवायला शिका. तुझ्या हाताला स्वच्छता नाही." चार जण हसले. तूही हसल्यासारखं केलंस. महिनाभराने तू गेलीस आणि मी अडवलं नाही.

तुझ्यामागे मी बॅक्टेरिया मारायचं औषध घालून बाकीच्या सगळ्या बाटल्या 'शुद्ध' केल्या. त्यातून पुढच्या बाटल्या लावल्या तेव्हा पहिल्या खेपेला आर्किया वाढले. दुसऱ्या खेपेला रडतखडत. तिसऱ्या खेपेला बाटल्या चार महिने नितळ, सहा महिने नितळ, वर्षभर नितळ. मी रबरी बुचांना दोष दिला, वीज गेल्याला दोष दिला, तळ्यालासुद्धा सोडलं नाही. शेवटी एकेचाळीस नंबरमधून पुन्हा सुरुवात केली. भराभर वाढले.

ती बाटली नष्ट केली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. इन्क्युबेटरच्या मागच्या कप्प्यात मीच ती ठेवली. दर चार महिन्यांनी त्यातलं चमचाभर नव्या बाटलीत घालत आले, आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी सोडवून नव्या बाटलीवर चिकटवत आले. आता तिला चार थर टेप आहे.

यंदा जीनोम नीट पुरा वाचून झाला. काही अमिनो आम्लं बनवायची जनुकंच त्या आर्कियांपाशी नाहीत. ती बॅक्टेरिया पुरवतो. आर्किया हायड्रोजन सोडतात, तो बॅक्टेरिया खाऊन टाकतो. त्याने खाल्ला नाही तर आर्कियांचं काम ठप्प. तू म्हणालीस तेच, शब्दाला शब्द.

बाटली का ठेवली, ते अजून लिहिलं नाही. वर दोन ओळी खोडलेल्या दिसतील, त्या त्याच.

त्या बैठकीच्या आठ दिवस आधी मी माझ्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेतला होता. माझ्या हाताने भरलेली बाटली. त्यात तोच बॅक्टेरिया होता, आर्कियांना खेटून. वहीत तारीख घालून तसं लिहिलं, वही कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये. तू उठून बोललीस तेव्हा तू बरोबर आहेस हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच इतकं लागेल असं बोलले.

सोमवारी त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, मी ते पान वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. आमचे संचालक नंतर म्हणाले, "चूक झाली एवढं म्हणालात तरी चाललं असतं." मी म्हटलं, चूक असती तर तेवढंच म्हटलं असतं. निबंध मागे घेण्याचं पत्र गेलंय. महिनाअखेर मी प्रमुखपद सोडते आहे. पत्राची आणि वहीच्या पानाची प्रत सोबत आहे, पाकीट जाड आहे ते त्यामुळे. ताईलाही सांगितलं. तिने फोन ठेवला आणि तीन दिवस उचलत नाहीये.

नव्या निबंधावर पहिलं नाव तुझं असायला हवं. तुझ्या होकाराशिवाय एक अक्षर छापणार नाही. परत ये, असं म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला. माफी मागते. आधी मागायला हवी होती, रोज वाटायचं, आणि रोज मी बाटलीवरची चिठ्ठी तेवढी बघून यायचे. माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही.

एक मात्र ऐक. आज घरी आलीस की हात एकदाच धू, चारचौघं धुतात तसे, आणि नळ बंद कर. तुझे हात तेव्हाही स्वच्छ होते. मला तेव्हाही माहीत होतं.

तुझी,
अजून म्हणवत असेल तर,
मावशी