दर वर्षी वाढणारी साक्ष

रविवार, १ सप्टेंबर

या वर्षी पटाशी निघाली! लाकूड कोरायची, सुताराची. म्हणे ती घेऊन हा माझा मेहुणा बायकोच्या अंगावर धावला होता. चर्चमध्ये माइक हातात धरून सांगतो — आणि ती बायको, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, पहिल्या बाकावर बसून ऐकते!

मेहुण्याने दारू सोडली त्याला अठरा वर्षं झाली. चांगलं केलं. पण गेली बारा वर्षं दर सप्टेंबरात उभा राहून साक्ष देतो : "प्रभूने मला गटारातून उचललं." उचललं ना? मग दर वर्षी सगळ्या मंडळीला ते गटार दाखवायला कशाला नेतोस?

पाळकांचा उपदेश मात्र चांगला झाला. शुद्ध जगायचं तर मागचं ओझं खाली ठेवा, हात मोकळे करा, म्हणाले. मेहुण्याने मान डोलावली. याचं ओझं उतरतंय कुठे? वाढतच चाललंय!

मंगळवार, ३ सप्टेंबर

जुन्या वह्या काढल्या. बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते मी. न्यायाधीश बदलले, पंखे बदलले, माझ्या टिपणातला शब्द कधी बदलला नाही. चर्चमध्येही हात स्वस्थ बसत नाही. उपदेश, साक्षी, सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर आमची नखं तपासायच्या, तशी मेहुण्याची बारा वर्षं तपासली.

पहिली वही — "बायकोला त्रास दिला." बस्, एवढंच. तिसरी — एक थप्पड. सहावी — तिचं शिलाई मशीन विकलं. नववी — दोन वर्षांच्या लेकीला घरात कोंडून गुत्त्यावर गेलो. आता पटाशी!

माणसं पुण्य फुगवून सांगतात हे ठाऊक होतं. हा पाप फुगवतो!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

पाळक आले. चर्चला पन्नास वर्षं होतात, बावीस तारखेला मोठी उपासना, बाहेरचे पाहुणे, छापील पुस्तिका. मेहुण्याची साक्ष त्या दिवशीही आणि पुस्तिकेतही — फोटोसकट.

"तुमच्याइतकं चोख टाइप कोण करणार, बाई?"

हे खरंच आहे. पण म्हटलं, चोख टाइप करीन, मजकूरही चोख हवा. वह्या वाचून दाखवल्या. हळूच म्हणाले, "एकदा बोलून बघा ना त्यांच्याशी."

"बोलते कसली! उलटतपासणी घेते."

माझ्या बहिणीला पडलेला मार आता घरोघरी वाचणार का? आमच्या वडिलांच्या नावाला कधी कोणी बोट लावलं नाही. मीही लावू देणार नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

टायपिंगला हात लावला नाही. मुद्दाम.

सोमवार, ९ सप्टेंबर

त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. दाराच्या फळीवर रंधा मारत होता. मला बघून उठला, शर्टाच्या टोकाने स्टूल पुसलं.

"बसा, ताई."

बसले नाही. वह्या फळीवर आपटल्या. "पहिल्या वर्षी नुसता त्रास, बाराव्या वर्षी पटाशी. पुढच्या वर्षी तोफ आणणार आहात का?"

"पटाशी होती, ताई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलीत?"

"धीर नव्हता."

"आणि आता आला? माइक बघून?"

भुसा झटकत राहिला. मग म्हणाला, "तिला विचारा. तिने हो म्हटल्याशिवाय मी काही बोलत नाही."

अडचणीत आला की दुसऱ्याकडे बोट! असले साक्षीदार मी ढिगाने पाहिलेत.

बुधवार, ११ सप्टेंबर

धाकटीकडे गेले. पडद्याला दुमड घालत होती.

"ताई, सगळं खरं आहे."

"पटाशीसुद्धा?"

"दाराच्या चौकटीत रुतली होती. ती चौकट त्यांनीच नंतर बदलली." जणू गळका नळ बदलल्यासारखं सांगत होती! "दर वर्षी आधी मला विचारतात, या वेळी हे सांगू का? एकदम सगळं नाही जमलं त्यांना. पण जे सांगून झालं, ते आमच्या घरात पुन्हा कोणी उकरत नाही. तिथेच संपतं."

"आणि तुझी शोभा होते त्याचं काय?"

"माझी? मी काय केलंय शोभा व्हायला?"

मी तिच्या पडद्याची दुमड तपासली.

"उरलंय किती अजून?" मी विचारलं.

"एकच. दोन वर्षं विचारतायत. मी नाही म्हणते."

"का? काय आहे असं?"

"जाऊ दे ना, ताई."

"बोल म्हणते ना!"

तिने सुई खाली ठेवली. "त्या पटाशीनंतर मी पोरीला घेऊन तुझ्याकडे आले होते, ती दुपार." आणि चहा टाकायला आत गेली.

मी चहा न घेता निघाले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

डोकं दुखतंय. दार उघडलं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

लिहिते.

त्या दुपारी माझ्याकडे न्यायाधीशांच्या बाईसाहेब चहाला होत्या. बेल वाजली. दारात धाकटी — लेक कडेवर, हातात पिशवी, पायात चपला नाहीत. मी बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं. जिन्यातच बोलले. "वेदीपुढे लग्न झालंय तुझं. घरी जा. आत पाहुणे आहेत." ती गेली. मी आत येऊन बाईसाहेबांना बिस्किटं वाढली.

पटाशीचाच दिवस तो. हे मला बुधवारी कळलं. कारण मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

इतकी वर्षं मी त्या बोलण्याला सल्ला म्हणत आले. माझ्या एकाही वहीत ती दुपार नाही. आणि ज्या माणसाला मी खोटारडा म्हणून पकडायला गेले, तो स्वतःचं सगळं चव्हाट्यावर मांडतो आणि धाकटीच्या शब्दाखातर माझं तेवढं झाकून ठेवतो!

संताप आला. कोणाचा, ते मला नीट ठाऊक आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मेहुण्याची साक्ष टाइप केली. पटाशीसकट. एक चूक नाही.

पाळक खूश. "वगळायचं काही?"

म्हटलं, "काही नाही. फक्त रविवारी त्यांच्या आधी मला पाच मिनिटं हवीत."

"तुम्हाला? कशासाठी, बाई?"

"ऐकालच."

परतताना धाकटीकडे गेले. विचारलं, सांगू का? हो म्हणाली.

रविवार, २२ सप्टेंबर

सांगितलं. ताठ मानेने, स्पष्ट आवाजात, न्यायाधीशांच्या बाईसाहेबांना वाढलेल्या बिस्किटांसकट. फुगवलं नाही, लपवलं नाही. खाली उतरले तर मेहुणा ढसाढसा रडतोय — इतक्या पाहुण्यांसमोर, गाढव! धाकटी नाही रडली. सरकून शेजारी जागा केली मला. शेवटी बहीण कोणाची!