आत्या, फोन आला तर

९ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? भाजीवाल्याशी भांडायला जिना उतरू नकोस, गॅलरीतूनच भांड. आवाज देवानं भरपूर दिलाय तुला.

थंडी वाढलीय. हीटर लावला की जळक्या धुळीचा वास येतो, म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवून निबंध तपासते. संध्याकाळचा मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग तोच. टॅक्सीवाला, बँकेतले गृहस्थ, औषधांच्या दुकानातली मुलगी, आणि शिवणकाम करणारी ती बाई, जिला मी मनात मुकी मैना म्हणते. हजेरीला ‘यस’ म्हणण्यापलीकडे तिचं तोंड कधी उघडलं नाही.

सुट्टीत मला येता येणार नाही. आईला ‘तिला रजा मिळाली नाही’ एवढंच सांग. तुला खरं सांगायचं म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता, परत येणाऱ्या आपल्याकडच्या नर्सबरोबर पाठवतेय.

बुधवारी वर्गात वादविवाद होता. ‘शेजाऱ्याकडे काही वावगं दिसलं तर कळवावं का?’ विषय पुस्तकातलाच. मैनेच्या वाट्याला ‘कळवू नये’ ही बाजू आली. उभी राहिली आणि बोलतच सुटली. मोडकंतोडकं, पण धडाधड. “समजा, एक बाई दारात येते. ओठ फाटलाय. कडेवर मूल. मी काही विचारत नाही. ती माझ्या मशीनमागे झोपते. कोणी विचारलं, तर मी कुणाला पाहिलं नाही.” बोलता बोलता ‘समजा’ कधीच गळून पडलं होतं. टॅक्सीवाल्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या, आणि मग इकडेतिकडे बघून हात खाली घेतले.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. खोलीत आम्हा परदेशी लोकांचे परवाने बघणारा साहेब बसला होता. अतिशय गोड बोलणारा.

“तुमच्या वर्गात चर्चा रंगतात म्हणे. ती शिवणारी काय म्हणाली?”

“सराव होता, साहेब.”

“माझी बायको विसरभोळी आहे हो,” तो हसत म्हणाला. “मुलाला घेऊन बाहेर पडली आणि घराचा रस्ताच विसरली.”

आत्या, मैनेच्या गोष्टीतली ती बाई याचीच बायको, हे तेव्हा उमगलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. तोंडातून निघून गेलं, “ते दारात आलेल्या बाईचं उदाहरण मीच दिलं होतं तिला. आमच्या घरचंच आहे. माझ्या आत्यानं एका शेजारणीला असंच घरात ठेवून घेतलं होतं.”

“असं? आत्या काय करतात?”

“निवृत्त शिक्षिका. इंग्रजीच्याच.”

“वा. मग त्यांच्याशी बोलता येईल.” त्यानं तुझा नंबर मागितला. मी दिला. मग परवाना बघायचा म्हणून पासपोर्ट मागितला आणि तो बघितल्यावर स्वतःच्या खिशात ठेवला.

सोमवारी मैना वर्गात आली. पुस्तक दाखवायचं निमित्त करून टेबलाशी वाकली आणि इंग्रजीत म्हणाली, “ती दोघं गेली. सुखरूप पोचली.” तिला भूतकाळ कधी जमला नव्हता, त्या दिवशी एकही चूक नव्हती. मला रडूही येईना आणि शाबासही म्हणता येईना, कारण समोर बाकीचे बसले होते आणि त्यांच्यापैकीच कुणीतरी त्या साहेबाला जाऊन सांगितलंय. मला खुर्ची पुढे करणारे बँकवाले असतील? औषधवाली? टाळ्या वाजवणारा? फळ्याकडे वळले की पाठीला घाम सुटतो. जिन्यात पाऊल वाजलं की हातातला घास हातातच राहतो.

म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. फोन आला, तर हो म्हण. शेजारीण होती, कडेवर मुलगा होता, मागच्या खोलीत गाद्यांच्या चळतीआड ठेवलं, दोन दिवसांनी माहेरच्या गाडीत बसवून दिलं. जास्त विचारलं तर कमी ऐकू येतं म्हण. एवढं खोटं तू आयुष्यात बोलली नाहीस, ठाऊक आहे. तुझ्याच हाताखाली शिकले, तरी मला ते कसं जमलं कोण जाणे.

मी फोन केला तर खुशालीच सांगेन. तूही “बरं बरं” म्हण आणि हवापाण्याचं बोल. फक्त फोन लगेच ठेवू नकोस. तुझा आवाज थोडा वेळ ऐकू दे.

जिवाचा थरकाप झालाय, तरी उद्या वर्गावर जाणारी,
तुझी भाची