ब्रिक्स आणि पोल

रविवार, १८ जानेवारी
जुळे सोलापूर

लग्नाला वर्ष होत आलं, तरी या घरात मी पाहुणीच. गळीत हंगामात आठवडाभर अकलूजकडे, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, सुट्टीपुरती इथे. कुठला डबा कुठे आहे, हेही सासूबाईंना विचारावं लागतं.

आज नवऱ्याने, सुहासने, लव्हबर्ड्सची जोडी आणली. सासूबाईंनी राघू-मैना ही नावं ठरवूनच टाकली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रिक्स आणि पोल ठेवूया." का बोलले? एरवी गप्प बसते.

"ही काय नावं हायत व्हय?" सासूबाई म्हणाल्या. नवरा हसला. शब्द मागे घ्यावेसे वाटले, पण सांगितलं. उसाच्या रसात विरघळलेलं सगळं मिळून ब्रिक्स, त्यातली नुसती साखर म्हणजे पोल. मी रोज दोन्ही मोजते. पोल कायम ब्रिक्सपेक्षा कमी.

"मग ही बारकी पोल," त्या लगेच म्हणाल्या.

बरोबर होतं. बारकीला तेच नाव हवं. पण माझं मन राखायला म्हणाल्या असतील का?

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज, "राघू-मैना समद्यांच्याच घरात असत्यात की. आमच्या घरात साखरंतलं कळणारं माणूस हाय, तिनं ठेवलीत नावं. तुला न्हाय कळायचं फोनवर. ये हितं, मी सांगते."

उद्या पहाटेच्या एसटीने निघायचं. बारकी नीट खाते का, ते फोन करून विचारेन. सुहासला नाही, सासूबाईंनाच.